थुंकी मोजणारी बाई

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले, जीभ बाहेर काढली, गॉजच्या तुकड्याने टिपून टिपून कोरडी केली आणि तिच्या शेंड्यावर इन्स्टंट कॉफीचा एक दाणा ठेवला. मुलगा मोबाइलवर सेकंद मोजत होता. आठ सेकंदांपर्यंत तो दाणा म्हणजे नुसता वाळूचा खडा. ना कडू, ना काही. मग त्याच्या कडेने तपकिरी ओघळ सुटल्याचं मुलाने सांगितलं, आणि जवळजवळ त्याच क्षणी माझं तोंड वाकडं झालं.

"आई, पेशंटसमोर पण असं करतेस का?"

नाही करत. मी दातांची डॉक्टर आहे आणि पेशंटसमोर माझं लाळेशी भांडण असतं. सिमेंट भरायचं तर दाढ कोरडी हवी, म्हणून गालात कापसाचे बोळे, ओठाला लटकवलेली सक्शनची नळी, आणि तरीही मधूनच कुठून तरी येतेच. वीस वर्षं मी लाळ उपसतेय. ती काय करते हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, त्यानंतर तिचा विचार केला तो फक्त तिला बाजूला कशी सारायची एवढाच.

विचार करायला लागले ते साखरेमुळे. दिवसभर साखरेच्या कॉफीचे घोट घेत राहू नका, प्रत्येक घोटाला तोंडातली आम्लता वाढते, पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचा वरचा थर विरघळायला लागतो, हे भाषण मी दिवसातून चार वेळा देते. आणि ते देताना माझ्या टेबलावर दोन चमचे साखरेची कॉफी निवत असते. एका आठ-नऊ वर्षांच्या पोराने ते बरोब्बर पकडलं. "मग तुमचे दात?" त्याच्या आईने त्याला दटावलं, पण मला काही उत्तर सुचलं नाही. त्याच दिवशी साखर बंद केली. दूध तर कॉफीत मी घालतच नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. काळी, बिनसाखरेची कॉफी औषधासारखी नाक दाबून प्यायले. दुसऱ्या आठवड्यात कधी तरी, बहुधा बाराव्या-तेराव्या दिवशी, कप रिकामा झाल्यावर लक्षात आलं की आज तोंड वाकडं झालंच नाही. कॉफी तीच, चमचा तोच, कपही तोच. मग मला ताप आला, नऊ दिवस कॉफीचा वाससुद्धा नको वाटला. बरी झाल्यावर पहिला कप घेतला आणि पुन्हा कडूजहर! पाच-सहा दिवसांत परत निवळली.

नवरा म्हणाला, "सवय सुटली होती, परत लागली. त्यात काय एवढं?"

सवय या शब्दाची मला चीड आहे. पेशंट सांगतो, "एकाच बाजूने चावायची सवय आहे," आणि बघावं तर दुसऱ्या बाजूच्या दाढेला भोक पडलेलं असतं. सवयीच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं, अगदी मांसात नाही तर हाडात. तर मग कॉफीची सवय माझ्या नेमकी कुठल्या भागाला लागली? मेंदूला, हे उत्तर चूक नाही. पण मला ते अर्धवट वाटतं.

आधी त्या दाण्याचं बघू. कोरड्या जिभेला चव नसते, कारण चव ओळखणाऱ्या पेशी जिभेच्या पृष्ठभागावर उघड्या पडलेल्या नाहीत. त्या स्वादकलिकांमध्ये लसणाच्या पाकळ्यांसारख्या दाटीने बसलेल्या असतात आणि वर फक्त एक बारीकसं छिद्र असतं. पदार्थ विरघळायला हवा, पाण्याबरोबर त्या छिद्रात उतरायला हवा, तेव्हा कुठे पेशीला त्याची खबर लागते. आणि तोंडातलं ते पाणी म्हणजे लाळ. म्हणजे आपण कॉफीची चव कधी घेतच नाही. घेतो ती कॉफी आणि लाळ यांच्या मिश्रणाची. हे वाक्य मी नवऱ्याला ऐकवलं तेव्हा त्याने कप खाली ठेवला.

लाळ ९९ टक्के पाणीच आहे, पण सगळी गंमत उरलेल्या एका टक्क्यात आहे. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. गालगुंड झाल्यावर कानापुढे जी सुजते ती पॅरोटिड ग्रंथी, शिवाय जबड्याखालची आणि जिभेखालची, अशा तीन मोठ्या जोड्या. पॅरोटिडची नळी गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर उघडते. आरशात गाल ओढून धरलात तर तिथे एक इवलासा उंचवटा दिसेल. या पॅरोटिडच्या लाळेत जी प्रथिनं असतात, त्यांत सर्वांत मोठा वाटा प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लाने भरलेल्या प्रथिनांचा असतो. कॉलेजात आम्ही त्यांना नुसतं पीआरपी म्हणायचो आणि ती कॅल्शियम धरून ठेवतात, दातावर पातळ पापुद्रा बनवतात, एवढं लिहून पुढे जायचो. (त्याच पापुद्र्यावर चहा-कॉफीचे डाग बसतात. दात साफ करून दिल्यावर तो काही मिनिटांतच परत धरायला लागतो, त्यामुळे माझा धंदा चालू राहतो.)

त्यांचं दुसरं काम मी यंदा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. दूध न घातलेला कडक चहा गाळून, पार निवू देऊन दोन काचेच्या नळ्यांत ओतला. एकीत थोडं पाणी घातलं, दुसरीत तेवढीच माझी लाळ. पाण्याची नळी तांबूस आणि आरपार राहिली. लाळेची बघता बघता गढूळली, आणि थोड्या वेळाने तिच्यात बारीक कण तरंगायला लागले. चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याला प्रोलीनवाल्या प्रथिनांनी मिठी मारली होती आणि दोघं मिळून साक्याला बसत होते. तोंडात हेच घडतं तेव्हा जिभेवरचं वंगण निघून जातं, गाल खरखरीत होतात आणि आपण म्हणतो, तुरट आहे. चहात दूध घातलं की तुरटपणा उतरतो तोही याचमुळे. दुधातल्या केसीन या प्रथिनामध्येही प्रोलीन भरपूर, मग टॅनिन आपल्या लाळेऐवजी त्याला जाऊन चिकटतं. उरलेली लाळ दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजमध्ये ठेवली होती. नवऱ्याने खरकटा ग्लास समजून ती धुऊन टाकली. पुन्हा गोळा करावी लागली.

इथे कडू आणि तुरट वेगळं करणं भाग आहे. मराठीत दोन स्वच्छ शब्द असूनही कॉफीपुढे आपण दोन्हींना कडूच म्हणतो. तुरट हा स्पर्श आहे, घासण्याचा. कडू ही चव आहे, आणि तिच्यासाठी माणसाच्या जिभेवर सुमारे २५ प्रकारचे ग्राहक, म्हणजे चव पकडणारे रेणू, आहेत. गोडासाठी फक्त एक जोडी, कडूसाठी पंचवीस. बरीच विषं कडू असतात, तेव्हा पहारा कुठे कडक ठेवायचा हे शरीराने ठरवून ठेवलंय. त्या पंचविसांतले निदान पाच कॅफीनला प्रतिसाद देतात. मात्र कॉफीच्या कडूपणात कॅफीनचा वाटा फार तर १०-१५ टक्के. बाकीचा कडूपणा बिया भाजताना तयार होतो, क्लोरोजेनिक आम्लाच्या तुटण्या-जुळण्यातून. थॉमस हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने २००७ मध्ये हे सविस्तर दाखवलं. म्हणून डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफीही, कडूच लागते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. आपण जे खातो-पितो त्याने लाळ बदलते का?

उंदरांची बदलते, आणि थोडीथोडकी नव्हे. १९८३ मध्ये टॅनिन भरपूर असलेली ज्वारी प्रयोगशाळेतल्या उंदरांना खायला घातली. तीन दिवसांत त्यांच्या पॅरोटिड ग्रंथी जवळजवळ तिप्पट फुगल्या आणि प्रोलीनवाली प्रथिनं सुमारे बारा पट झाली. तीन दिवसांत! हॅमस्टरना हे जमलं नाही. टॅनिनच्या खाण्यावर त्यांची वाढ खुंटली आणि मात्रा वाढवल्यावर ते मेले. एकाच्या थुंकीने पोट भरलं, दुसऱ्याच्या थुंकीने जीव गेला. माणसात मात्र ही प्रथिनं टॅनिन खावो न खावो, मुळातच भरपूर असतात.

पण ते टॅनिनचं झालं. अस्सल कडू म्हणजे क्विनीन, आपलं कोयनेल, आणि त्यावर अमेरिकेत बफेलो विद्यापीठात अ‍ॅन-मरी टोरेग्रोसा यांच्या प्रयोगशाळेने काम केलंय. क्विनीन मिसळलेलं खाणं उंदरांना सुरुवातीला नको असतं. काही दिवसांनी ते खायला लागतात, आणि त्या दिवसांत त्यांच्या लाळेतली काही प्रथिनं वाढलेली असतात. ती प्रथिनं वाढलेली असताना क्विनीनचा कडूपणा ओळखायला उंदराला जास्त क्विनीन लागतं. म्हणजे उंदीर मन घट्ट करून खात नाही. त्याला कडू लागतंच कमी. नवऱ्याला हे ऐकवताना मी जरा जास्तच आवाज चढवला असावा.

माणसांवरचं काम पर्ड्यू विद्यापीठातल्या कॉर्डेलिया रनिंग यांचं. त्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या प्रयोगात लोकांना चॉकलेट घातलेलं कडवट-तुरट बदामाचं दूध रोज प्यायला लावलं आणि मधूनमधून त्यांची लाळ तपासली. प्रोलीनवाली प्रथिनं जसजशी वर सरकली, तसतसे लोकांनी कडू-तुरटपणाला दिलेले गुण खाली आले. माझ्या बाराव्या दिवसाशी जुळणारं असं माणसांतलं काही मला सापडलं असेल तर हे.

आणि नेमकं कॅफीन? फ्रान्समध्ये डिजाँ इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये कॅफीनचा कडूपणा थोड्या मात्रेतच चटकन ओळखणारे सहा जण आणि मात्रा वाढल्यावरच, उशिरा ओळखणारे सहा जण निवडून त्यांची लाळ शेजारी शेजारी ठेवली. चटकन ओळखणाऱ्यांच्या लाळेत अमायलेज या पिष्ट पचवणाऱ्या एन्झाइमाचे तुकडे आणि रक्तातून पाझरणारं अल्ब्युमिन जास्त होतं, आणि सिस्टॅटिन एसएन नावाचं प्रथिन कमी. सिस्टॅटिन हा प्रथिनं तोडणाऱ्या काही एन्झाइमांना आवर घालणारा गडी. तो कमी म्हणजे तोंडात कापाकापी जास्त. एखाद्या तोंडात प्रथिनांची मोडतोड किती चालते आणि त्या तोंडाला कॅफीन किती कडू लागतं, यांत काही नातं आहे असं त्यांना दिसलं. बारा माणसं म्हणजे फारच थोडी, आणि लाळेमुळे चव की चवीमुळे लाळ हेही यातून ठरत नाही. पण हिरड्या सुजलेल्या तोंडात अल्ब्युमिनही जास्त पाझरतं आणि कापाकापीही जास्त चालते, हे मी रोज बघते. त्यामुळे हा शोधनिबंध वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले.

लाळ दर वेळी कडूपणा अडवतेच असं मात्र नाही. सार्डिनियातल्या काल्यारी विद्यापीठात प्रॉप नावाच्या कडू रसायनावर काम झालं. प्रॉप काहींना भयंकर कडू लागतं, काहींना जवळपास पाण्यासारखं, आणि हा फरक मुख्यतः एका जनुकाचा. पण ज्यांना ते फार कडू लागतं त्यांच्या लाळेत प्रोलीनवाल्या कुळातलीच दोन प्रथिनं जास्त सापडली, आणि त्यांतलं एक जिभेवर वरून घातलं तर कडूपणा वाढला. एकाच कुळातला एक भाऊ टॅनिनला दारातच धरून ठेवतो, दुसरा प्रॉपला हाताला धरून आत नेऊन सोडतो. तेव्हा "लाळेत प्रथिनं वाढली की कडू कमी लागतं" असं सरसकट विधान कोणी केलं तर त्याला विचारावं, कुठलं प्रथिन आणि कुठलं कडू?

मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट मात्र फार जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली आहे, मीच विसरले होते. कॅफीन पोटातून रक्तात जातं आणि रक्तातून परत लाळेत उतरतं. रक्तद्रवात जितकं असेल त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश लाळेत मिळतं. म्हणून यकृत कॅफीन किती वेगाने निपटतंय हे सुई न टोचता नुसत्या थुंकीवरून मोजता येतं. निम्मं कॅफीन शरीरातून नाहीसं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात. म्हणजे दुपारी चारला कॉफी घेऊन, चूळ भरून, दात घासूनसुद्धा रात्री नऊला माझ्या तोंडात कॅफीन झिरपतच असतं. जाणवत नाही, कारण कडू लागायला जितकं लागतं त्यापेक्षा ते खूपच कमी असतं.

अजून एक फाटा. कॅफीन ज्या ग्राहकाला अडवून झोप उडवतं त्याच्याच कुळातला एक, झोप आणणाऱ्या रसायनाचा म्हणजे अ‍ॅडेनोसिनचा ग्राहक स्वादकलिकेतही असतो आणि तिथे तो गोडाला जोर देतो. कॅफीन तो अडवतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१७ मध्ये लोकांना साखर घातलेली डीकॅफ दिली, एकदा कॅफीन मिसळून आणि एकदा कडूपणा सारखा राहावा म्हणून क्विनीन मिसळून. कॅफीनवाली कमी गोड लागली. उलट डेन्मार्कमध्ये २०२० मध्ये १५६ जणांना कॉफी पाजून मग चव तपासली, तर नंतर गोड जास्त आणि कडू कमी जाणवलं, आणि डीकॅफनेही तसंच झालं. वरवर हे एकमेकांच्या विरुद्ध वाटतं. पण एकात कॉफीचीच गोडी मोजली, दुसऱ्यात कॉफीनंतर दिलेल्या द्रावणांची. आणि डीकॅफनेही तेच होत असेल तर सगळं कॅफीनच्या माथी मारता येत नाही. काळ्या कॉफीबरोबर डार्क चॉकलेट का चांगलं लागतं, ते मला इथे पटलं.

इतकं वाचल्यावर घरच्यांना वेठीला धरणं आलंच. गेल्या रविवारी मी एक कडक काळी कॉफी केली आणि ती निम्मी-निम्मी पातळ करत आठ पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीला तीन कप, दोनांत कोमट पाणी, एकात कॉफी. डोळ्यांवर रुमाल आणि नाकाला पोहण्याचा चिमटा, कारण नाक उघडं असेल तर वासच चुगली करतो. वेगळा कप ओळखायचा, प्रत्येक पायरीला तीन वेळा. सुरुवातीला मी प्रत्येकाची पाच मिनिटांची लाळ मोजली. मान खाली घालून, न गिळता, नळीत ओघळू द्यायची. माझी १.९ मिली भरली, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ०.४, अगदी व्यवस्थित. मुलाने दोन मिनिटांत हसून नळी सांडली आणि पुन्हा बसायला नकार दिला. त्याचा आकडा वहीत नाही.

मी चौथ्या पायरीपर्यंत ओळखलं. कॉफीला कधी तोंड न लावलेल्या मुलाने पाचवीपर्यंत. आणि दिवसाला पाच कप रिचवणारा, सवय-सवय करणारा माझा नवरा सहाव्या पायरीपर्यंत गेला, तिन्ही वेळा अचूक.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं की हेही कुठे तरी आलंय. ब्रिटनमधल्या चार लाखांवर लोकांची जनुकं तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना जन्मतःच कॅफीन जास्त कडू लागतं ते कॉफी कमी नाही, जास्तच पितात. क्विनीन किंवा प्रॉप जास्त कडू लागणारे मात्र कमी पितात.

"म्हणजे माझी जीभ जात्याच तल्लख," तो चिमटा काढत म्हणाला.

"एका घरातल्या तीन जिभांवरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले.

"मग एवढे चोवीस कप धुणार कोण?"

सोमवारी सकाळी त्याने माझ्या कॉफीचा एक घोट घेऊन पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की यात क्लोरोजेनिक आम्ल जरा जास्त तुटलंय.